मंगळवारचा घसा

बा मिमूनची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा तो माझ्यापासून दोन डोंगर लांब होता. आवाज सकाळी भेटला, माणूस दुपारी.

मी तेव्हा तरुण होतो. चहाच्या ग्लासांच्या पेट्या उसन्या खेचरावर लादून मेक्नेस शहराहून आयत उमलील जमातीच्या डोंगरात पहिल्यांदाच चाललो होतो. सोबतीला वाटेत भेटलेला एक म्हातारा तेली होता. तो जन्मापासून बहिरा आहे असं त्याच्या गावाचं मत होतं. आम्ही खिंड उतरत होतो आणि एकाएकी समोरचा डोंगर बोलायला लागला.

"तपकिरी शेळी हरवली आहे," डोंगर म्हणाला. "डावं शिंग मोडकं, स्वभाव सासूसारखा. ज्याला सापडली त्याने आणून द्यावी. ज्याला सापडली आणि आवडली, त्याने तर धावत आणून द्यावी."

त्या आवाजाने मशिदीच्या मनोऱ्यावरचे करकोचे घरटं सोडून स्पेनच्या दिशेने निघाले. कुंपणावर वाळत घातलेल्या घोंगड्यांनी आपोआप घड्या घालून घेतल्या. म्हातारा तेली थबकला आणि म्हणाला, "कोण बोलतंय?" आणि माझ्या खेचराने, ज्याने सबंध प्रवासात आपल्याला पाय आहेत हे मला कळू दिलं नव्हतं, पेट्यांसकट अशी धूम ठोकली की मागे फक्त त्याची धूळ आणि मी राहिलो.

दुपारी मी लंगडत मंगळवारात पोहोचलो. आमच्या भागात गावाचं नावच वाराचं असतं. आठवड्यात एक दिवस बाजार भरतो, तो वार म्हणजे गाव. उरलेले दिवस तिथे एक अंजिराचं झाड, एक विहीर आणि वारा. मी चौकशी केली तेव्हा लोकांनी दवंडीवाल्याकडे बोट दाखवलं, पण मला कोणी दिसेना. जलाब्याच्या, म्हणजे पायघोळ झग्याच्या, टोपीतून एक नाक बाहेर आलं होतं आणि खालून दोन पावलं. मधे माणूस असावा असा अंदाज करून मी बोललो.

"माझं खेचर हरवलं."

"कसं हरवलं?"

"तुमच्या आवाजाने."

"कुठे होतास?"

"खिंडीत."

तो माझ्याकडे पाठ करून शेजारच्या न्हाव्याला म्हणाला, "ऐकलंस, बूअझ्झा? खिंडीपर्यंत. आणि काल तू म्हणत होतास मिमून थकला." मग माझ्याकडे वळला. "दवंडीला एक साखरेचा सुळका पडेल."

"तुमच्यामुळेच हरवलं आणि वर साखर?"

"वैद्याच्या औषधाने पोट बिघडलं तर पोटाचं औषध कोण देतो? वैद्यच ना?"

मी साखर कबूल केली. तो एका पालथ्या टोपलीवर चढला, कानाला हात लावला, आणि जमीन हलली.

"अल्लाहशिवाय दुसरा देव नाही, आणि तुमच्या कानावर सदा चांगलंच पडो. एक खेचर हरवलंय. राखाडी, कान ताठ, तब्येत उत्तम, चालीत रुबाब. त्याचा मालकही हरवला होता, तो सापडलाय. शहरी, पिवळा, पाय काडीसारखे. ग्लास विकायला आलाय, पण स्वतःच तडकलेला दिसतो. खेचर ज्याला मिळेल त्याने आणून द्यावं. मालक कोणाला हवा असेल तर त्याने तोही घेऊन जावा."

खेचर संध्याकाळच्या नमाजाआधी आलं. एकही ग्लास फुटला नव्हता. दवंडीचा उरलेला भागसुद्धा वाया गेला नाही. पुढच्याच वर्षी त्या म्हाताऱ्या तेल्याने मला जावई करून घेतलं, आणि तेव्हापासून मी मंगळवारचा झालो.

मिमून मेंढपाळाचा मुलगा. या डोंगरात मेंढपाळाचा पोर बोलायला शिकतो तोच पलीकडच्या डोंगरावरच्या पोराशी, त्यामुळे कुजबुजणं हा प्रकार त्यांना लग्न झाल्यावरच कळतो. मिमूनला तो लग्नाच्या पहिल्याच दिवशी कळला. त्याची बायको इत्तू ही उंच, शांत, हातमागावर बसलेली बाई. लग्नाच्या दिवशी मिमूनने प्रेमाने "इत्तू" अशी हाक मारली आणि छताची माती तिच्या नव्या ओढणीवर पडली. ती झटकत ती म्हणाली, "हे घर मातीचं आहे. बाजार बाजारात ठेव." त्या दिवसापासून घरात मिमून इतका हळू बोलायचा की त्याला भाजीत मीठ कमी आहे हे सांगायचं असेल तर तो तिच्या कानाशी जायचा, आणि तिथून बहुतेक वेळा न सांगताच परत यायचा.

बाजारात मात्र त्याचं राज्य होतं. हरवलेलं, सापडलेलं, मेलेलं, जन्मलेलं, सगळं त्याच्या घशातून जायचं. सरकारी हुकूम आला तर तोही. सरकारच्या बाबतीत त्याची एक पद्धत होती. आधी सांगायचा, "हे सरकार म्हणतंय," मग हुकूम सांगायचा, मग खालच्या पट्टीत म्हणायचा, "मिमूनने फक्त तोंड उसनं दिलंय." एकदा लसटोचणीची दवंडी होती. "सोमवारी डॉक्टर येणार आहे. मुलांना टोचणार आहे. दुखणार नाही असं सरकार म्हणतंय. दुखेल असं मिमून म्हणतो. तरी आणा, कारण मेलेलं मूल दुखतं त्यापेक्षा हे कमी दुखतं." डॉक्टरची औषधाची पेटी त्या सोमवारी रिकामी झाली.

पण त्याची जी दवंडी मी शहरातल्या नातेवाइकांना आजही छाती फुगवून सांगतो, ती वेगळीच होती. एका विधवेची पिशवी गेली. तिच्यात मुलीच्या लग्नाचे चांदीचे बिल्ले होते. बाजारात कुजबुज सुरू झाली, दोघातिघांकडे नजरा वळल्या. हातात काठ्या यायला फार वेळ लागत नाही. मिमून टोपलीवर चढला.

"कोणाच्या तरी झोळीत चुकून दुसऱ्याची पिशवी पडली आहे. गर्दीत असं होतं. त्याला ती आता जड होत असेल. मी डोंगराकडे तोंड करतोय. डोंगर सुंदर आहे, वर बर्फ पडलाय, तुम्हीही बघा. अल-फातिहाची प्रार्थना म्हणून होईपर्यंत बघत राहा."

आणि अख्ख्या बाजाराने पाठ फिरवली. कसायाने सुरी खाली ठेवली आणि डोंगर बघितला. स्फंज तळणाऱ्याने कढईतल्या पिठाच्या कड्यांना जळू दिलं आणि डोंगर बघितला. जकातीचा कारकून नवा होता, तो मान वळवायला लागला तेव्हा शेजारच्या बाईने त्याची हनुवटी धरून पुन्हा डोंगराकडे केली. फातिहा संपली. अंजिराच्या झाडाखाली पिशवी होती. कोणी ठेवली हे कोणालाही कळलं नाही, आणि कळून घ्यावं असं कोणाला वाटलंही नाही. मेक्नेसच्या बाजारात पोलीस आहेत, कुलपं आहेत, लोखंडी दारं आहेत. आमच्याकडे डोंगर होता आणि मिमून होता.

आता बाजार फुटण्याबद्दल सांगायला हवं, कारण मिमूनची खरी नोकरी तीच होती, बाजार फुटू न देण्याची.

जुन्या काळी या डोंगरातल्या कुळांची आपसात वैरं असायची. बाजाराच्या दिवशी हत्यार उगारायचं नाही असा करार होता. तो करार मोडून एक गोळी जरी उडाली तरी क्षणात दोन्ही कुळं एकमेकांच्या अंगावर जायची, म्हणून शहाणा माणूस काय झालं हे न विचारता पळायचा. तो पळाला की दुसरा पळायचा, आणि बघता बघता भरलेला बाजार सांडलेल्या दुधासारखा चारी दिशांना वाहून जायचा. याला बाजार फुटणं म्हणतात. ज्या बाजाराला फुटायची सवय लागली, तिथे व्यापारी येईनासे होतात. आता वैरं संपली, बंदुका लग्नातच वाजतात. पण पाय अजून आजोबांचेच आहेत. काही मोठा आवाज झाला की ते आधी निघतात, डोकं मागून येतं.

मिमूनच्या घशाने असे पाय कित्येकदा जागच्या जागी थांबवले होते. एकदा विहिरीवरून दोन भावकींत बाचाबाची झाली, एकाने काठी उगारली, आणि कडेचे लोक उठायला लागले. मिमून फक्त एक शब्द ओरडला, "बसा." लोक बसले. भांडणारे बसले. दोन गाढवं बसली, त्यांतलं एक दुसऱ्या दिवसापर्यंत उठलं नाही.

मग तो एकदाच गैरहजर राहिला. मुलीला मुलगा झाला म्हणून बारशाला दोन दऱ्या पलीकडे गेला, आणि त्याच मंगळवारी कुंभाराच्या खेचराने रांजणांच्या उतरंडीला लाथ घातली. धडाम. आणि बाजार फुटला. मी माझ्या ग्लासांच्या मांडणीवर आडवा पडलो. शौर्य म्हणून नव्हे, पाय पालाच्या दोरीत अडकला होता. माझ्यावरून निम्मं आयत उमलील गेलं. ग्लास ज्या वाळूपासून बनतात असं म्हणतात, त्या वाळूपर्यंत माझे ग्लास त्या दिवशी परत पोहोचले.

पुढच्या मंगळवारी मिमूनला दवंडीला सबंध दिवस पुरला नाही. "एक डावी चप्पल. अजून एक डावी चप्पल. हे काय, पळणाऱ्यांना उजवा पाय एवढा प्यारा? एक आजी सापडली आहे, जुनी पण टिकाऊ, काकाच्या घरी राहते म्हणते, कोणाच्या काकाच्या ते सांगत नाही." लोक हसले, पण खाली मान घालून. मिमून हसला नाही.

नदीपलीकडे गुरुवारचा बाजार भरतो. तिथली माणसं आमच्यासारखीच, फक्त वाईट. त्यांना तर ईदच लाभली. आमच्यापैकी कोणी तिकडे कांदे घ्यायला गेला की एखादा नाकाला बोट लावून म्हणायचा, "मंगळवारवाले, धीर धरा हं. मी शिंकणार आहे."

बाजाराचा प्रमुख हाजी थामी हा गोल, सावध माणूस. तो चहासुद्धा आधी दुसऱ्याला प्यायला देऊन मग प्यायचा. तो मिमूनकडे आला तेव्हा मी तिथेच होतो.

"फेझचे मेंढ्यांचे व्यापारी आले होते," तो म्हणाला. "म्हणतात, पुन्हा एकदा फुटला तर आम्ही ट्रक गुरुवारी नेऊ. पळालेल्या मेंढ्या तुमचा दवंडीवाला परत आणतो, पण त्यांची चरबी वाटेत उतरते."

मेंढ्या म्हणजे मंगळवारचा कणा. मेंढ्या गेल्या की गवतवाला जाणार, दोरवाला जाणार, चाळण्या विणणारा जाणार, चहावाला जाणार. उरणार चार कांदे आणि गप्पा. माझे ग्लास तर गप्पांवर खपत नाहीत.

मिमून म्हणाला, "हाजी, मी बारशाला गेलो आणि तुम्ही पळालात. माझा घसा इथे असताना हा बाजार फुटलाय कधी?"

"नाही."

"मग घसा इथेच आहे. आता मुलीला दुसरं झालं तरी जायचा नाही."

त्याच हिवाळ्यात त्याला ताप भरला. बर्फाने वाटा बंद, वैद्य खाली, मिमून वर. ताप उतरला तेव्हा तो उठून बसला, इत्तूला पाणी मागितलं, आणि तिने मान वर केली नाही. तिला वाटलं, तो नेहमीसारखाच हळू बोलतोय. त्याने पुन्हा मागितलं, जोर लावून, आणि तेव्हा दोघांनाही कळलं की हाच त्याचा आता सगळ्यात मोठा आवाज आहे. ओल्या लाकडातून धूर निघावा तसा घशातून फक्त वारा यायचा.

मग उपाय सुरू झाले. मध झाला, रानातला ओवा झाला, अंजिराचा काढा झाला, मशिदीतल्या फकीहने कागदावर लिहून दिलेला ताईत झाला, आणि बूअझ्झा न्हाव्याने सांगितलेलं गरम ऑलिव्हचं तेल झालं. त्या तेलाने घसा सुटला नाही, पोट मात्र सुटलं. इत्तूने हे सगळं बघितलं आणि एक दिवस म्हणाली, "छताला काही होणार नाही. तू घरात मोठ्याने बोलून बघ." आयुष्यात पहिल्यांदा तिने हे म्हटलं. त्याने तोंड उघडलं. छताची माती हलली नाही. ती हातमागाकडे गेली आणि त्या दिवशी तिने एकही धागा भरला नाही, नुसती बसून राहिली.

बाजारात त्याने युक्ती काढली. दवंडी तो बूअझ्झाच्या कानात सांगायचा आणि बूअझ्झा ती ओरडायचा. पण न्हाव्याच्या पोटात बातमी जशीच्या तशी टिकत नाही. मिमून सांगायचा, "काळा बोकड हरवला." बूअझ्झा ओरडायचा, "काळा बोकड हरवला, आणि कोणी नेला ते मला ठाऊक आहे, पण मी बोलणार नाही." मिमून त्याच्या पोटरीवर काठी मारायचा. हाजी थामी लांबून बघायचा आणि मान हलवायचा. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "कद्दूर, तुझा मित्र आहे म्हणून सांगतो. मोठ्या ईदपर्यंत त्याचं काम चालू दे. पण त्या गर्दीत काही झालं तर थांबवणार कोण?"

मी हे मिमूनला सांगितलं नाही. त्याला माहीत होतं.

ईदच्या आधीचा मंगळवार उजाडला. या दिवशी आमचा बाजार म्हणजे लोकरीचा समुद्र असतो. प्रत्येक घराला कुर्बानीसाठी मेंढा हवा. व्यापारी, गिऱ्हाईक, गिऱ्हाइकाची बायको आणि मेंढा अशा चौघांत घासाघीस चालते आणि सगळ्यात समंजस मेंढाच असतो. फेझचे ट्रक वरच्या माळावर उभे होते. मिमून बूअझ्झाच्या पालात डोक्याची हजामत करायला बसला होता. अर्ध्या डोक्यावर साबणाचा फेस, अर्ध्यावर गेल्या महिन्याचे केस. माझी मांडणी समोरच होती.

माळावर एका ट्रकचं टायर फुटलं.

तो आवाज अजून माझ्या कानात आहे. उतरंडीचा आवाज त्यापुढे टाळी होती. वरच्या बाजूला एक बाई किंचाळली, कोणीतरी "फुटला, फुटला" असं ओरडला, आणि मी बघितलं की वरच्या उतारावरून फेटे, मेंढे, टोपल्या, छत्र्या असा एक लोंढा आमच्याकडे निघालाय.

मिमून उभा राहिला. तोंड उघडलं. मानेच्या शिरा दोरासारख्या ताणल्या. काही आलं नाही. त्याने पुन्हा प्रयत्न केला, आणि मी तेव्हा त्याचा चेहरा बघितला. पुन्हा कधी बघायला मिळू नये असा तो चेहरा होता. मग त्याने तोंड मिटलं. बूअझ्झा वस्तरा टाकून पळायच्या बेतात होता, त्याचं मनगट मिमूनने धरलं. दुसऱ्या हाताने लाकडी खुर्ची उचलली, पालातून बाहेर आला, बाजाराच्या मधल्या वाटेवर, जिथून लोंढा येणार होता तिथे बरोबर मध्यावर ती ठेवली, आणि बसला.

"चालू कर," त्याने ओठांनी सांगितलं.

"काय चालू करू?" बूअझ्झा म्हणाला. "आपल्याला तुडवतील."

"डोकं अर्धं राहिलंय."

"बा मिमून, वेड लागलंय का तुला?"

"वस्तरा लाव. नाहीतर तू पळालास हे मी गुरुवारी जाऊन सांगेन."

बूअझ्झाने वस्तरा लावला. त्याचा हात पिंपळाच्या पानासारखा थरथरत होता, आणि त्या हाताखाली मिमून डोळे अर्धे मिटून, चेहरा उन्हाकडे करून असा बसला होता की जणू बादशहाची दाढी चालली आहे आणि राज्यात दुसरं काही काम नाही.

लोंढ्यातला पहिला माणूस कसाई होता, हातात मेंढ्याचा कान, मेंढा मागून लटपटत. त्याने मिमूनला बघितलं आणि त्याचे पाय मंदावले. माणूस वस्तऱ्याखाली बसलाय. ज्याच्या गळ्याजवळ वस्तरा आहे तो माणूस निवांत आहे. मग आपण का पळतोय? कसाई थांबला. मागचा त्याच्यावर आदळला, त्याच्यावर मागचा. लोंढा खुर्चीभोवती येऊन साचला, जसं पाणी दगडाला येऊन साचतं. एका म्हाताऱ्या बाईने, जिच्या काखेत कोंबडी आणि डोक्यावर दुसऱ्याचीच टोपली होती, खुर्चीसमोर येऊन विचारलं, "मिमून, बाजार फुटला का रे?"

मिमून काहीतरी म्हणाला.

"काय?"

त्याने पुन्हा सांगितलं. कोणालाच ऐकू आलं नाही. म्हातारीने मागे वळून हात वर केला आणि म्हणाली, "गप्प बसा रे, तो काहीतरी सांगतोय." पुढचे गप्प झाले. त्यांनी मागच्यांना गप्प केलं. मागच्यांनी मेंढ्यांना गप्प करायचा प्रयत्न केला, आणि खुदा साक्षी आहे, बरेचसे मेंढेही गप्प झाले. पार वरच्या माळापर्यंत, ट्रकपर्यंत, शांतता पसरत गेली. ज्या बाजारात माणसाला आपलाच विचार ऐकू येत नाही, त्या बाजारात वस्तऱ्याची खरखर ऐकू यायला लागली.

मग मिमून म्हणाला, धुरासारख्या त्या आवाजात, घाई न करता, "अर्ध्या डोक्याने मी कुठे जाऊ?"

पहिल्यांदा म्हातारी हसली. तिच्या काखेतली कोंबडी दचकली. मग कसाई हसला. ज्यांना ऐकू आलं त्यांनी मागच्यांना सांगितलं, त्यांनी त्यांच्या मागच्यांना, आणि हसू त्याच वाटेने वर गेलं ज्या वाटेने भीती खाली आली होती. वरून कोणीतरी ओरडून सांगितलं की टायर होतं. त्यावर आणखी हसले. म्हातारी डोक्यावरची टोपली कोणाची हे शोधायला निघाली. कसाई मेंढ्याचा कान सोडायला विसरला होता, मेंढ्याने आठवण करून दिली. बाजार जिथे होता तिथे परत गेला, आपापल्या पालात, आपापल्या घासाघिशीत.

माझा एकही ग्लास फुटला नाही. मी त्यांतले दोन काढले, पुदिन्याचा चहा मागवला, आणि खुर्चीपाशी गेलो. बूअझ्झा जमिनीवर बसला होता. मिमूनच्या डोक्यावर सात-आठ ठिकाणी कापलं होतं आणि फेसात रक्ताच्या रेघा उतरत होत्या.

"बा, दुखतंय का?"

"न्हावी चांगला आहे," तो कुजबुजला. "हात जरा ढिला आहे."

"मी तुझा जीव वाचवला," बूअझ्झा जमिनीवरून म्हणाला.

"आठ ठिकाणी," मिमून म्हणाला.

दुपारी फेझचा मोठा व्यापारी स्वतः खाली आला. लठ्ठ माणूस, बोटांत अंगठ्या. त्याने डोक्यावरचा रुमाल काढला, त्याच खुर्चीत बसला आणि बूअझ्झाला म्हणाला, "माझीही कर." त्याच्यामागे रांग लागली. ज्यांनी आदल्याच दिवशी डोकं करून घेतलं होतं तेही रांगेत होते. बूअझ्झाने त्या दिवशी जेवढी डोकी केली तेवढी त्याच्या बापाने जन्मात केली नसतील. संध्याकाळी बाजारातून घरी जाणारी पुरुषांची जी रांग डोंगर चढत होती, ती मावळत्या उन्हात नुसती चमकत होती.

हाजी थामी आला, मिमूनसमोर उभा राहिला, आणि त्याच्या हातातला चहा घेऊन आधी स्वतः प्यायला. त्याच्या स्वभावात याहून मोठी माफी नव्हती.

मी फेझ पाहिलंय, मेक्नेस पाहिलंय, मराकेशचा चौक पाहिलाय, जिथे साप नाचतात आणि लोक पैसे देऊन बघतात. मोठे बाजार आहेत, नाही कोण म्हणतो. पण एका म्हाताऱ्याची कुजबुज ऐकायला ईदच्या तोंडावर श्वास रोखून उभा राहिलेला बाजार मी एकच पाहिला, आणि मी त्या बाजाराचा आहे. त्या गुरुवारी मी मुद्दाम नदी ओलांडून कांदे घ्यायला गेलो. घरात कांदे होते.

मिमून घरी गेला तेव्हा इत्तू दारात उभी होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोहोचली होती. तिने त्याला आत बसवलं, डोक्याला ऑलिव्हचं तेल लावलं, आणि विचारलं, "एवढ्या लोकांनी तुझं ऐकलं?"

त्याने मान हलवली.

"काय म्हणालास?"

त्याने तिच्या कानाशी जाऊन सांगितलं. ती इतक्या मोठ्याने हसली की छताची माती दोघांच्याही अंगावर पडली. हे मला तिनेच सांगितलं.

त्यानंतर मिमून असेतो मंगळवारचा बाजार कधी फुटला नाही, आणि त्याचा आवाजही परत आला नाही. पुढच्या वर्षी सरकारने नदीवर पूल बांधला, सरळ गुरुवारच्या बाजारात उतरणारा. मेंढ्यांचे ट्रक आता तिकडे जातात.